पत्रादेवीला गाडी थांबवता का कधी?

तेरेखोलकाठ:

१९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, जवळ आला की दरवर्षी हा विषय डोक्यात घोळायला लागतो, यंदा लिहूनच टाकते. मुंबई-गोवा हायवेने गोव्याला गेला असाल तर बांदा सोडलं की पत्रादेवीचा नाका लागतो. बहुतेकांना तो टॅक्स, परमिट आणि येताना होणारी बाटल्यांची तपासणी यासाठीच माहीत असतो. तिथे एक हुतात्मा स्मारक आहे. मी लहानपणापासून बघतेय, शेकडो गाड्या जातात आणि थांबणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या.

आमचं घर बांद्याचं. आजी १९५५ साली नवीन लग्न होऊन आलेली, एकोणीस वर्षांची. त्या ऑगस्टात देशभरातून माणसं बांद्यात यायला लागली, रात्री-अपरात्री ट्रकमधून, एसटीतून, कुणी चालत. कुणाला मराठी येत नव्हतं, कुणाला कोकणातला पाऊस म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. गावातल्या घराघरात चुली पेटलेल्या, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, मिठातली कैरी, जे असेल ते. आजी शेवटपर्यंत सांगायची, "तेंचे पाय बघलंय आणि माका रडाक इलां." चिखलात चालून भेगाळलेले पाय, काहींच्या पायात काहीच नाही. आणि हे लोक उद्या सकाळी हातात झेंडा घेऊन पाखल्यांच्या बंदुकीसमोर जाणार होते. (पाखलो म्हणजे पोर्तुगीज, आमच्याकडे आणि गोव्यात अजून हाच शब्द आहे.)

१५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला आणि हद्दीवर इतर ठिकाणीही हजारो सत्याग्रही गोव्यात शिरले. कुणाकडे काठीसुद्धा नव्हती. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या चालवल्या. एका दिवसात वीसहून जास्त माणसं गेली, जखमी किती त्याचा तर हिशोबच नाही. जखमींना खांद्यावर, झोळीत घालून परत आणलं. आजीने चुलीवर ठेवलेलं पाणी त्या दिवशी जखमा धुवायला गेलं.

मला जे म्हणायचंय ते असं की शाळेत आपण गोवा मुक्ती म्हणजे ऑपरेशन विजय, छत्तीस तास, संपलं, एवढंच शिकतो. सैन्याबद्दल अभिमान आहेच, त्यात वादच नाही. पण माझा अभिमान डिसेंबर १९६१ ला सुरू होत नाही. १८ जून १९४६ ला भर पावसात मडगावला समाजवादी नेते राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तिथपासून पुढची पंधरा वर्षं जी माणसं मार खात राहिली, तुरुंगात सडत राहिली, तिथून तो सुरू होतो. ज्या राज्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागायची तिथे सभेत तोंड उघडणं म्हणजे काय असेल विचार करा. लोहियांवर तिथल्या अधिकाऱ्याने पिस्तूल रोखलं तर त्यांनी त्याचा हात बाजूला सारला, आणि हे सगळं मडगावच्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं. भीती एकदा अशी सगळ्यांसमोर मोडली की परत तेवढी उभी राहात नाही.

तुमच्या घरातून, गावातून कोणी गेलं होतं का? नाव माहीत नसलं तरी चालेल, आठवण लिहा.

वाचनवेडा_ठाणे:

वीसेक वेळा तरी गेलोय त्या रस्त्याने. एकदाही थांबलो नाही. वाचून पोटात कसंतरी झालं. पुढच्या वेळी मुलांना घेऊन थांबणार, नक्की.

पेठेतला_नातू:

माझे आजोबा गेले होते. पुण्यात एका छापखान्यात कंपोझिटर होते, वय बावीस. आईला सांगितलं पंढरपूरला जातो आणि गेले बांद्याला. त्या वेळी पुण्यात वातावरणच तसं होतं, गोवा विमोचन सहाय्यक समिती स्थापन झाली होती, जयंतराव टिळक वगैरे मंडळी त्यात होती, आणि १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे पहिली मोठी तुकडी घेऊन गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सेनापती बापट होते. बापटांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर! मुळशीच्या सत्याग्रहात तुरुंग भोगलेला माणूस, चौऱ्याहत्तराव्या वर्षी परत लाठ्या खायला निघाला, मग बावीस वर्षांच्या पोराने घरात कसं बसायचं, असं आजोबा म्हणायचे. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मधू लिमयांना इतकं मारलं की ते वाचतील का नाही अशी परिस्थिती होती, आणि वर बारा वर्षांची शिक्षा.

आजोबा १५ ऑगस्टच्या तुकडीत होते. गोळी लागली नाही पण पकडले गेले, रायफलच्या दस्त्याने मार खाल्ला आणि रात्री जंगलात हद्दीवर आणून सोडून दिलं. डावा गुडघा कायमचा गेला. घरी आल्यावर त्यांच्या आईने विचारलं पंढरपूरला काय झालं रे, तेव्हा म्हणे पहिल्यांदा रडले.

आणि तेरेखोलकाठ, तुमचं ते पेजेचं वाचून अंगावर काटा आला. आजोबा आम्हाला सांगायचे की आदल्या रात्री बांद्यात एका घरी जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) ताटलीत गरम पेज मिळाली आणि सकाळी निघताना त्या घरातल्या बाईने कपाळाला कुंकू लावलं. घर कुणाचं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तेरेखोलकाठ:

नातू, काय लिहू. ते घर आमचं होतं असं मी म्हणणार नाही, त्या रात्री बांद्यातलं प्रत्येक घर तसंच होतं. पण आजी पण अशीच दारात उभी राहून सांगायची, "झिलांनू, जेवान जावा." तिचा पेजेचा मोठा टोप अजून आमच्या माळ्यावर आहे, कल्हई उडालीय पण आहे.

रोखठोक:

भावना समजू शकतो, आजोबांबद्दल आदर आहे. पण प्रामाणिकपणे विचारतो, छत्तीस तासांत संपलेल्या कारवाईला आपण स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो का? समोर तीन-साडेतीन हजार सैनिक, विमानं नाहीत, एक जुनं जहाज, आणि आपल्याकडे अख्खी डिव्हिजन. व्हिएतनाम, अल्जीरिया यांच्या रांगेत हे बसवता येईल का? अभिमान बाळगताना प्रमाण सुटायला नको.

निवृत्त_पलटण:

रोखठोक, प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. ज्याला ते सोपं वाटतं त्याने नकाशा घेऊन बसावं. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगत सिंगांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूने शिरली. मूळ योजनेत मुख्य मारा त्यांचा नव्हताच, ते दुय्यम आघाडीवर होते, पण पूल उडवलेले, रस्त्यात सुरुंग, तरी एवढ्या वेगाने आले की पणजी त्यांनीच घेतली. त्यात २ पॅरा ही मराठ्यांची पलटण फोंड्याच्या बाजूने गेली. बोरीचा पूल, बाणस्तारीचा पूल, दोन्ही पोर्तुगिजांनी उडवले होते. नद्या पोहून, होड्यांतून ओलांडल्या, स्थानिक लोकांनी वाटा दाखवल्या.

आणि किंमत शून्य नव्हती. अंजदीव बेटावर नौदलाची तुकडी उतरवताना सात नौसैनिक मारले गेले. आग्वादच्या किल्ल्यात राजकीय कैदी डांबलेले होते, त्यांना सोडवायला ७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल गेले, दोघेही तिथेच धारातीर्थी पडले. म्हणजे लढाई जवळपास जिंकलेली असताना, कैद्यांचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून गेलेले अधिकारी. आपले एकूण बावीस गेले, त्यांचे तीसेक.

अजून एक. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा आदेश होता, जिंका नाहीतर मरा, शरणागती नाही. या माणसाने ते ऐकलं नाही, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी वास्कोला शरणागती दिली, त्यामुळे गोव्यातली गावं, चर्च, देवळं आणि दोन्हीकडची कित्येक पोरं वाचली. त्याबद्दल सालाझारने त्याला सैन्यातून हाकलून दिलं. तोच माणूस १९८० ला गोव्यात आला तेव्हा लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं. शत्रूच्या शहाणपणाचा मान ठेवणं हेही आपल्या अभिमानातच येतं असं मी मानतो.

सांखळीकार:

गोव्यातून लिहितोय. वरचं सगळं मनापासून पटलं, पण एक गोष्ट आम्हाला कायम टोचते ती सांगतो. "गोव्याला मुक्त केलं" असं वाक्य असतं नेहमी, जणू गोंयकार हात बांधून वाट बघत बसलेले. आमच्याकडे सत्तरीत राण्यांनी बंड केलं ते १८५२ चं दीपाजी राणेंचं, नंतर १८९५ चं दादा राणेंचं. त्याच्याही आधी कुंकळ्ळीचे लोक १५८३ ला उठले होते! १७८७ चा पिंटोंचा कट तर बहुतेक गोंयकार पाद्र्यांनीच केलेला. साडेचारशे वर्षं राज्य होतं आणि साडेचारशे वर्षं कुठे ना कुठे कोणीतरी नाही म्हणतच होतं.

आणि आधुनिक लढा बघा. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी काढली. लोहिया आले ते असोळण्याला, डॉ. जुलियांव मिनेझिस या त्यांच्या मित्राच्या घरी. १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावणाऱ्या तुकडीचा पुढारी आल्फ्रेद आफोन्सो. नॅशनल काँग्रेस गोवाचे पीटर अल्वारीस. नावं मुद्दाम लिहितोय, कारण अधूनमधून कोणीतरी हा लढा एका धर्माचा करून टाकतं आणि मग मला झोप लागत नाही. बाळा राया मापारी पण आमचाच, अस्नोड्याचा, आझाद गोमंतक दलाचा तरणाबांड पोरगा, फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलीस कोठडीत मारून मारून जीव घेतला त्याचा. तो या लढ्यातला पहिला हुतात्मा मानतात. सुधाताई जोशी म्हापशाला नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि तिथेच पकडल्या गेल्या, एप्रिल १९५५. मित्रा काकोडकर बिर यांना बाराएक वर्षांची शिक्षा झाली तेव्हा वय बावीसच्या आसपास. या बायका जेलमध्ये होत्या आणि जेल म्हणजे कैद्यांना मारणाऱ्या पोर्तुगीज पोलिसांतल्या एजंट मोंतेरोचा काळ. माझ्या आजोळी त्याचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून आवाज खाली करतात.

हळदोणेकर:

सांखळीकार +१. आणि मला एक वेगळी बाजू लिहायची आहे, कोणी वाईट वाटून घेऊ नका. १९५५ नंतर भारताने नाकेबंदी केली. माझे आजोबा मुंबईत बोटीवर नोकरीला, आजी आणि चार पोरं हळदोण्यात, आणि एकदम मनीऑर्डर बंद, येणं-जाणं बंद. माझ्या आईने वयाच्या तिसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत वडील पाहिले नाहीत. तांदूळ ब्रह्मदेशाचा यायचा, बटाटे युरोपातून, बाजारात परदेशी माल, त्यामुळे बाहेरच्यांना वाटायचं गोव्यात चैन चाललीय. आमच्या घरात चैन नव्हती, वाट बघणं होतं. १९ डिसेंबरला लष्कराच्या गाड्या आल्या तेव्हा आजीला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर आता नवरा घरी येईल. आणि आला, नाताळच्या आदल्या दिवशी. आमच्या घरात मुक्ती या शब्दाचा अर्थ तो आहे. मला तो कुठल्याही भाषणापेक्षा कमी वाटत नाही.

पनवेलकर:

पनवेलच्या लोकांना हुतात्मा हिरवे गुरुजी हे नाव माहीत असतं, पण ते कुठे गेले हे विचारा, निम्म्यांना सांगता येत नाही. शाळामास्तर माणूस. गोव्याच्या सत्याग्रहात १५ ऑगस्ट १९५५ ला गोळी लागून गेले. माझ्या वडिलांची पिढी त्यांच्याबद्दल बोलताना अजून गुरुजीच म्हणते, नुसतं हिरवे कोणी म्हणत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून मुलांना खाऊ वाटायचा सोडून हा माणूस कुठे जाऊन उभा राहिला. लिहिताना डोळे भरून आले, माफ करा.

सतलजकिनारा:

मी नाशिकचा, नोकरीमुळे अकरा वर्षं लुधियान्यात आहे. पनवेलकरांनी मास्तरांचं लिहिलं म्हणून सांगतो. इथून जवळ, खन्न्याच्या बाजूला ईसडू नावाचं गाव आहे. तिथे दर १५ ऑगस्टला मोठा मेळा भरतो. पहिल्या वर्षी मी सहकाऱ्याला विचारलं कुणाचा मेळा, तर म्हणाला शहीद करनैल सिंगचा, गोव्यात गेला होता. मी चाटच पडलो. गोवा इथून दोन हजार किलोमीटर! तोही शाळामास्तर, पंचविशीतला, नुकतंच लग्न झालेलं. पत्रादेवीला पुढे सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन चालल्या होत्या, त्यांना गोळ्या लागल्या, तेव्हा मागून हा पुढे धावला आणि छातीवर गोळी घेतली. सहोद्राबाई वाचल्या, पुढे खासदार झाल्या. करनैल सिंगची बायको चरणजीत कौर आयुष्यभर त्याच्या आठवणीवर राहिली.

मेळ्यात एक म्हातारे गृहस्थ भेटले. मी महाराष्ट्राचा म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, तुमच्याकडून गोवा जवळ ना, तिथे आमच्या पोराची जागा कशी आहे, कोणी जातं का. मला उत्तर देता आलं नाही कारण मी स्वतः कधी गेलो नव्हतो. हा धागा उघडला तेव्हा पहिल्यांदा तोच प्रश्न आठवला.

कृष्णाकाठ:

सांगलीकरांच्या वतीने मोहन रानडे यांचं लिहायलाच पाहिजे. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे. गोव्यात सावईवेऱ्याला मराठी शिकवायला मास्तर म्हणून गेले (परत मास्तर!) आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले, विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांच्याबरोबर. हे सत्याग्रहवाले नव्हते, पोलीस चौक्यांवर हल्ले करून शस्त्रं मिळवणारे. ऑक्टोबर १९५५ ला बेतीच्या चौकीवर हल्ला करताना गोळी लागून पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा. १९६० ला त्यांना लिस्बनला नेलं.

आता पुढचं नीट वाचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पणजीत गुलाल, मिरवणुका. आणि रानडे? लिस्बनजवळ काशियासच्या किल्ल्यात कोठडीत. १९६२ गेलं, १९६५ गेलं, गोव्यात निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, जनमत कौल झाला, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माणूस परक्या देशात भिंतीकडे बघत बसलेला. जानेवारी १९६९ ला सुटले. मुक्तीनंतर सात वर्षांनी! तेलो मास्कारेन्यस तर त्यांच्याही नंतर, १९७० मध्ये. सुधीर फडक्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी किती वर्षं किती जणांचे उंबरे झिजवले. बाबूजी नुसते गाणारे नव्हते, २ ऑगस्ट १९५४ ला दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगिजांकडून सोडवायला गेलेल्या स्वयंसेवकांत होते, बाबासाहेब पुरंदरे पण होते. त्या मोहिमेला पैसे उभे करायला लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता.

माझ्या वडिलांनी रानड्यांना सांगलीत एकदा ऐकलं. ते म्हणतात स्वतःबद्दल जवळजवळ बोललेच नाहीत, सोबत्यांबद्दल बोलले.

रोखठोक:

वाचतोय सगळं. करनैल सिंग आणि रानडेंचं मुक्तीनंतर सात वर्षं आत असणं, दोन्ही मला माहीत नव्हतं, हे सरळ कबूल करतो. प्रमाण सुटतंय हा माझा शब्द मागे घेतो. युद्ध किती तास चाललं यावरून लढा किती मोठा हे ठरत नाही, इतकं पटलं.

पण मग राग येतो त्याचं काय? १९४७ ते १९६१, चौदा वर्षं. १५ ऑगस्टला एवढी माणसं मेली आणि सप्टेंबरात सरकारने सत्याग्रहच थांबवायला लावला. सैन्य पाठवायला अजून सहा वर्षं. बाळा मापारी, गुरुजी, करनैल सिंग यांच्या जीवाची किंमत कोणी हिशोबात धरली होती का?

निवृत्त_पलटण:

हा राग मलाही येतो, आणि तरुणपणी जास्त यायचा. नेहरूंना जगापुढे शांततेने प्रश्न सुटतो हे दाखवायचं होतं, पोर्तुगाल नाटोमध्ये होता, हेगच्या कोर्टात दादरा-नगर हवेलीवरून केस चालली होती ती १९६० पर्यंत. ही कारणं खरी आहेत. पण सालाझार वाटाघाटीला बसणारच नव्हता, तो गोव्याला वसाहतच म्हणत नव्हता, पोर्तुगालचा प्रांत म्हणत होता, तुमच्या घराची एक खोली शेजारी मागतोय असं त्याचं म्हणणं. हे १९५५ ला कळायला हवं होतं. उशीर झाला आणि त्याची किंमत साध्या माणसांनी दिली, यात मला दुमत नाही. १९६१ ला अँगोलात लोक उठले, आफ्रिकेतले नवे देश आपल्याकडे बघायला लागले की तुम्ही तुमच्या दारातली वसाहत का ठेवलीय, तेव्हा पावलं उचलली गेली. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला तो रशियाच्या नकाराधिकाराने अडला.

तेगसकाठी:

लिस्बनमध्ये सहा वर्षं राहतेय, मूळची कोल्हापूरची. कृष्णाकाठ यांनी काशियासचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. इथून उत्तरेला समुद्रावर पेनिश नावाचं गाव आहे, तिथला किल्ला सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. कुन्यांना १९४६ ला पकडून तिथेच आणून टाकलं होतं. आता तिथे म्युझियम आहे. मी गेले तेव्हा वारा इतका की दार उघडेना, आणि त्या कोठड्यांत उभी राहून मला सारखं वाटत होतं की गोव्याच्या ऊबेतून आलेल्या माणसाने इथले हिवाळे कसे काढले असतील.

आणि एक गोष्ट इथे येऊन समजली. त्या तुरुंगांत बहुतेक कैदी पोर्तुगीजच होते. सालाझारचे गुप्त पोलीस स्वतःच्या लोकांनाही तसंच मारत होते. सांखळीकारांनी ज्या एजंट मोंतेरोचं नाव घेतलं ना, कासिमिरो मोंतेरो, त्यानेच १९६५ ला स्पेनच्या हद्दीत जनरल उम्बेर्तो देल्गादोचा खून केला, सालाझारविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला माणूस. म्हणजे बार्देश-सत्तरीच्या पोरांना मारणारा हात आणि पोर्तुगालच्या लोकशाहीवर उठलेला हात एकच! २५ एप्रिल १९७४ ला इथे क्रांती झाली, काशियासचे दरवाजे उघडले, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा म्हणून करारावर सही केली. वासालो इ सिल्वाला त्याचा हुद्दा परत मिळाला. इथल्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना मी गोव्याच्या कैद्यांबद्दल सांगितलं तर त्या म्हणाल्या माझा भाऊ पण काशियासला होता. मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. मला तेव्हा आपल्या लढ्याचा जास्तच अभिमान वाटला, कारण तो पोर्तुगीज माणसांविरुद्ध नव्हताच.

सांखळीकार:

तेगसकाठी, देव बरें करूं. हे आमच्या पोरांना सांगायला पाहिजे.

तेरेखोलकाठ:

दोन दिवस नेट नव्हतं, आत्ता सगळं वाचून काढलं. हळदोणेकर, तुमच्या आजीचं वाचून मी बाहेर अंगणात जाऊन आले. नाकेबंदीची ही बाजू आमच्या बाजूला कोणी सांगतच नाही, आम्हाला फक्त नाक्यावर अडवलेले लोक दिसायचे.

एक राहिलं ते लिहिते, आमच्या घाटाचं आहे. नोव्हेंबर १९५५ ते डिसेंबर १९६१, सहा वर्षं, आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर कॅसलरॉककडून एक गुप्त रेडिओ चालायचा, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आंबोलीचा पाऊस ज्याने चार दिवस तरी काढलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतेय ते. कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, जळवा, समोरचा माणूस दिसत नाही असं धुकं. त्यात सहा पावसाळे ट्रान्समीटर चालता ठेवायचा आणि रोज बातम्या लिहून वाचायच्या, पोर्तुगीज सेन्सॉर जे लपवेल ते सांगायचं. लिबियाताई मुंबईत शिकलेल्या, त्यांना दुसरं आयुष्य सहज मिळालं असतं. आणि मुक्तीच्या दिवशी हवाई दलाच्या विमानात बसून त्या दोघांनी गोव्यावरून फिरत लाऊडस्पीकरवरून लोकांना सांगितलं की शरणागती झाली, आपण स्वतंत्र झालो. सहा वर्षं जंगलात लपवलेला आवाज त्या दिवशी आभाळातून आला. वयाची शंभरी गाठल्यावर २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बातमी आली तेव्हा आजी असायला हवी होती असं फार वाटलं, ती आंबोलीच्या रेडिओबद्दल कायम कुजबुजतच बोलायची, मुक्ती होऊन पन्नास वर्षं झाली तरी.

रोखठोक, रागाचं मी पण टाळत नाही. पण आजीच्या तोंडून दिल्लीबद्दल कधी शब्द ऐकला नाही. ती विचारायची ते एवढंच की त्यातले किती जण घरी पोचले गो?

वाचनवेडा_ठाणे:

एक सुचवू का? १९ तारखेला सकाळी पत्रादेवीला जमू या का? मी मुलांना घेऊन येतोय हे नक्की झालं.

पेठेतला_नातू:

मी येतो. आजोबांचा काठीवाला फोटो घेऊन येईन. ते तिथून आल्यावर परत कधी त्या बाजूला फिरकले नाहीत, गुडघ्यामुळे आणि बहुतेक दुसऱ्याही कारणाने.

सतलजकिनारा:

मला रजा मिळत नाहीये पण ईसडूहून थोडी माती कुरियरने पाठवली तर कोणी नेईल का? इथल्या शाळेतले एक सर आणून देतो म्हणालेत.

सांखळीकार:

माझ्याकडे पाठवा, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो. अस्नोड्याहून पण थोडी घेऊन येतो, मापारीच्या गावची. सकाळी आठला पोचेन.

हळदोणेकर:

आईला विचारलं. ती येते म्हणाली. वय जास्त आहे त्यामुळे खुर्ची लागेल, ती मी आणेन.

तेरेखोलकाठ:

या सगळे. टोप माळ्यावरून खाली काढलाय, काल बांद्यात कल्हईवाला मिळाला नाही म्हणून सावंतवाडीला देऊन आले, शनिवारी मिळेल. उकडे तांदूळ घरचे आहेत. जर्मनच्या ताटल्या अकराच निघाल्या, बाकीच्यांनी आपापली वाटी आणा.